पॉप-अप कॅम्परमध्ये सामानाची जागा वाढवताना : ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

पॉप-अप कॅम्पर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचा बुटका ट्रेलर. प्रवासात छत खाली बसलेलं असतं. मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवून छत वर घ्यायचं, दोन्हीकडचे पलंग बाहेर ओढायचे आणि कॅनव्हासच्या भिंती ताणून बांधायच्या. ठाणे, नवी मुंबईत असे कॅम्पर मोजकेच दिसतात, पण ज्यांच्याकडे आहेत त्यांचं पहिलं गाऱ्हाणं एकच असतं : सामान ठेवायला जागा नाही. त्यावर नेहमी येणारे प्रश्न आणि आमची उत्तरं इथे दिली आहेत.

उघडल्यावर एवढा ऐसपैस दिसतो, मग सामान का मावत नाही?

कारण उघडल्यावर दिसणारी बरीचशी जागा बंद केल्यावर उरतच नाही. छत खाली आलं की पलंग, गाद्या आणि घडी घातलेला कॅनव्हास असं सगळं वरच्या अर्ध्या भागात येऊन बसतं. सामानासाठी उरतात बाकांखालचे खण, ओट्याखालचं कपाट आणि मधली चालायची जागा. उभं कपाट किंवा भिंतीवरची फळी हे घरचे उपाय इथे चालत नाहीत, कारण भिंत कापडाची आणि छत खाली येणारं. म्हणून इथलं प्रत्येक काम दोन मापांत बसवावं लागतं : बंद असतानाची उंची आणि ट्रेलरला झेपणारं वजन. जागेची कल्पना कितीही सुंदर असो, या दोन्हींत बसत नसेल तर ती सोडून द्यावी.

बंद असताना आत किती उंची उरते, हे कळणार कसं? आत बसून तर बघता येत नाही.

त्यासाठी कणीक कामाला येते. घट्ट मळलेल्या कणकेचे लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करायचे, प्रत्येक गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि जिथे काही नवीन बसवायचं मनात आहे तिथे ठेवायचा : ओट्यावर, बाकाच्या झाकणावर, दाराजवळ. गोळ्याखाली एखादा डबा किंवा लाकडाचा ठोकळा ठेवून उंची वाढवत न्यायची. गाद्या आणि कॅनव्हास नेहमी असतात तसेच ठेवून छत सावकाश खाली आणायचं, पुन्हा वर घ्यायचं. गोळा दबून जेवढा जाड उरला, अधिक खालच्या डब्याची उंची, एवढीच तुमची खरी जागा. त्यातून दोन-अडीच सेंटिमीटर सोडून द्या, कारण खड्ड्यात छत आणि गाद्या वरखाली होतात. ही मापं आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवली की सुताराशी बोलणं सोपं जातं.

वजनाचा एवढा बाऊ कशाला? गाडी तर आरामात ओढते.

गाडी ओढते हे खरं, पण ट्रेलरचा अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांमधला आडवा दांडा), टायर, स्प्रिंग आणि ब्रेक ठरावीक वजनासाठीच असतात. ट्रेलरच्या प्लेटवर किंवा कागदपत्रांत भरलेल्या अवस्थेतलं कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा केलं की सामानाला किती वाव आहे ते कळतं.

उदाहरणादाखल, कमाल वजन 750 किलो आणि रिकामं वजन 520 किलो धरू. उरले 230 किलो. पाण्याचे 20 लिटरचे दोन कॅन म्हणजे 40 किलो. 100 अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण 30 किलोची. 5 किलो गॅसचा भरलेला सिलिंडर टाकीच्या वजनासकट बारा-तेरा किलो. शेगडी, भांडी, खुर्च्या, टेबल, अंथरुणं धरली की शंभरएक किलो हाताशी राहतात. अशा वेळी सुताराने हौसेने 18 मिमी प्लायचा आठ बाय चार फुटांचा एक पत्रा आत लावला, तर तेहतीस-चौतीस किलो तिथेच गेले. जागा मिळाली, पण त्या जागेत ठेवायला वजन उरलं नाही.

याच कारणाने आमचा आग्रह असतो की नवीन काही लावण्याआधी जुनं काय काढता येईल ते बघावं.

काय काढता येतं?

थंड प्रदेशांसाठीच्या कॅम्परमध्ये गॅसवर चालणारा हीटर असतो. तुमच्या कॅम्परमध्ये तो आलेला असेल तर भंडारदऱ्याच्या डिसेंबरातही एक जादा रजई पुरते, हीटर लागत नाही. तो निघाला की बाकाखालचा एक मोठा कोपरा मोकळा होतो. त्याची गॅसची नळी मात्र जाणकाराकडूनच बंद करून घ्या, आणि बाहेरच्या जाळीचं भोक पॅच मारून, सीलंट लावून बुजवा.

दुसरी गोष्ट सिंक. मराठी घरातली भांडी त्या वाडग्याएवढ्या सिंकमध्ये घासली जात नाहीत, ती बाहेर टबातच घासली जातात. सिंक, त्याखालची नळी, पंप आणि पाण्याची टाकी काढली की ओट्याखाली सलग कपाट मिळतं. तिथे कुकर, तवा, परात हे सगळं उभं राहतं. ज्यांना हात धुवायला आतच नळ हवा आहे त्यांनी सिंक ठेवावं, पण टाकी काढून खाली 10 लिटरचा कॅन ठेवला तरी भागतं.

तिसरा उमेदवार म्हणजे जेवणाचं आतलं टेबल. पाऊस नसताना कुणीही आत बसून जेवत नाही. मात्र काही कॅम्परमध्ये तेच टेबल खाली बसवून मधला पलंग होतो. तसं असेल तर हात लावू नका.

बाकाखाली भरपूर जागा आहे, पण काही काढायचं म्हटलं की गादी उचला, झाकण उचला. त्यावर उपाय?

सगळ्यांत फायद्याचं काम हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बाकाच्या समोरच्या उभ्या फळीत दार कापायचं. मधली चालायची जागा समोरच असल्याने गादीवर कुणी झोपलेलं असतानाही खालचं सामान निघतं. पण ती फळी नुसती शोभेची नसते. बाकावर बसणाऱ्यांचा भार ती पेलते, आणि पुष्कळ कॅम्परमध्ये ढाच्याचा ताठपणाही तिच्यावरच असतो. म्हणून पूर्ण फळी कापायची नाही. दोन्ही टोकांना किमान दहा-दहा सेंटिमीटर आणि वर-खाली सात-आठ सेंटिमीटर पट्टी राहू द्यायची. लांब बाकाला एक मोठं दार करण्याऐवजी मधे उभी पट्टी ठेवून दोन छोटी दारं करायची. कापलेल्या भोकाचे कोपरे काटकोनात न ठेवता गोल करायचे, कारण प्लायला चीर जाते ती कोपऱ्यापासून. त्यासाठी आधी चारही कोपऱ्यांत होल-सॉने (गोल भोक पाडणारी करवत) भोकं पाडायची आणि मग जिगसॉने (बारीक पात्याची विजेची करवत) ती भोकं जोडायची. आतून भोकाभोवती अ‍ॅल्युमिनियमचा अँगल नट-बोल्टने बसवला की गेलेला ताठपणा बराचसा परत येतो.

फळी कापताना तुकडा नीट निघाला तर त्याचंच दार करावं, रंग आणि रेषा जुळतात. दार खाली उघडेल अशी बिजागरी लावा. उघडलेलं दार जमिनीवर टेकतं आणि सामान त्यावर सरकवत बाहेर काढता येतं.

वरचं झाकण काढून टाकू नका, उलट सुधारून घ्या. अख्ख्या लांबीची पियानो बिजागरी आणि हायड्रॉलिक बेडला लावतात तसला गॅसपंप लावला की झाकण एका हाताने उघडतं आणि उघडं राहतं. पंप मात्र कमी ताकदीचा निवडा. बेडचा पंप जाड प्लाय आणि जड गादीसाठी असतो. तोच इथे लावला तर हलकं झाकण सतत वर ढकललं जातं आणि बिजागरीचे स्क्रू उपटतात.

दारांना मॅग्नेट कॅचर चालेल का?

नाही. मुरबाड सोडून माळशेजच्या वळणांना लागलात की मॅग्नेटवरची सगळी दारं उघडतात. कडी, टॉवर बोल्ट किंवा बटण दाबून उघडणारं पुश लॉक लावा.

ड्रॉवर केले तर?

दिसायला छान, पण आम्ही फार सुचवत नाही. टेलिस्कोपिक चॅनेलचं (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांचं) वजन, ड्रॉवरच्या स्वतःच्या भिंती आणि दोन्ही बाजूंना सोडावी लागणारी जागा धरली तर खणाचा चांगला मोठा हिस्सा ड्रॉवरच खातो. शिवाय मधली वाट अरुंद असल्याने पूर्ण लांबीचा ड्रॉवर उघडता येत नाही. दारातून ओढता येतील असे प्लॅस्टिकचे क्रेट ठेवावेत, त्यांच्या तळाला जुन्या कार्पेटची पट्टी चिकटवली की ते खडखडतही नाहीत. एकच ड्रॉवर करायचा असेल तर तो ओट्याला करा, चमचे-सुऱ्या-लायटर यांच्यासाठी.

प्लाय कुठला वापरावा? सुतार 18 मिमीच्या खाली यायला तयार नसतात.

घराच्या कपाटाच्या सवयीने ते तसं म्हणतात. इथे बाकाच्या झाकणाला 12 मिमी, आडव्या-उभ्या पार्टिशनला 6 मिमी पुरतो, खाली अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा आधार दिला की झालं. आठ बाय चारचा 12 मिमीचा पत्रा साधारण 22 किलोचा आणि 6 मिमीचा त्याच्या निम्मा. IS 710 या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. IS 303 वाला साधा एमआर (फक्त ओल सोसणारा) प्लाय आपल्या दमट हवेत कडांनी फुगतो. मरीन घेतला तरी कापलेल्या प्रत्येक कडेला प्रायमर किंवा वॉर्निशचा हात हवाच, पाणी तिथूनच शिरतं. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ दारातही आणू नका.

पीव्हीसी फोम बोर्डला पाण्याचं भय नाही आणि तो प्लायपेक्षा थोडा हलकाही असतो, पण स्क्रू धरत नाही. छोट्या पार्टिशनला चालेल, बिजागरी लावायच्या जागी चालणार नाही.

जोडकामाला स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) वापरा. रस्त्याच्या हादऱ्यांनी साधे नट सैल होतात.

कपडे कुठे ठेवायचे?

मऊ बॅगेत. सुटकेस कॅम्परमध्ये आणूच नये, ती रिकामी झाली तरी तेवढीच जागा अडवते.

मुक्कामाला पोचल्यावर छताखालच्या आडव्या दांडीला कापडी लटकते कप्पे अडकवा, बाजारात कपाटात टांगायचे म्हणून मिळतात तेच. बुटांसाठीचे खिशांचे पडदेही कामाला येतात : टॉर्च, औषधं, चष्मे, मुलांचे मोजे सगळं त्यात जातं. निघताना कप्पे कपड्यांसकट दुमडून गादीवर आडवे ठेवायचे. मात्र हे कप्पे दांडीलाच अडकवा. कॅनव्हासला किंवा त्याच्या शिवणीला अडकवले तर शिवण ताणली जाते, आणि पुढच्या पावसात नेमकं तिथूनच गळतं.

स्वयंपाकाच्या सामानाचं काय? आमच्याकडे पिठलं-भाकरीपासून सगळं लागतं.

गोल स्टीलचे डबे घरी ठेवा आणि चौकोनी झाकणाचे डबे घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारात एकात एक बसणारे सगळ्या मापांचे मिळतात. खणाचं माप आणि एक रिकामा क्रेट सोबत घेऊन जा आणि डबे त्यात बसवून बघूनच विकत घ्या.

पीठ, तांदूळ, डाळ दिवसांच्या हिशोबाने मोजून न्या. कुकरच्या आत भांडी, भांड्यांत मसाल्याचा डबा, परातीत पोळपाट आणि तवा अशी रचना एकदा ठरली की ती बदलू नका. कुठल्या क्रेटमध्ये काय, ते झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा. अंधारात पोचल्यावर हे कागदच कामाला येतात.

ट्रेलरच्या पुढच्या, गाडीला जोडणाऱ्या दांड्यावर सामानाची पेटी बसवावी का?

बसवावी, पण तोलून मापून. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार गाडीच्या हुकावर यावा, हा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे 600 किलोच्या ट्रेलरला 60 ते 90 किलो. त्याहून कमी भार आला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो, आणि कसारा घाटाच्या उतारावर हे जिवावर बेतू शकतं. भार जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हुकावरच्या भाराची मर्यादा दिली असेल तर शेवटचा शब्द तिचाच.

भार घरीच मोजता येतो. ट्रेलर सपाट जागी उभा करायचा, चाकांना दगड लावायचे, आणि दांड्याच्या हुकाला जोडायच्या टोकाखाली लाकडी ठोकळा उभा करून तो माणसांचं वजन करायच्या काट्यावर टेकवायचा. दांड्याची उंची प्रवासात असते तेवढीच हवी. काटा दाखवेल तो तुमचा भार.

पुढच्या पेटीत दोऱ्या, खुंट्या, जॅक, ठोकळे, पाण्याचा पाइप असं मधल्या वजनाचं सामान ठेवा. पेटी चेकर्ड अ‍ॅल्युमिनियमची करून घ्या, लोखंडी पेटी नुसतीच इतकी जड होते की भरायला वाव राहत नाही. आणि पुढच्या बाजूचा पलंग बाहेर ओढल्यावर पेटीचं झाकण उघडतं का, हे आधी बघा. बहुतेकांना ते पेटी बसवल्यावरच आठवतं.

मग सगळं जड सामान पुढे?

नाही, अ‍ॅक्सलच्या वर आणि किंचित पुढे, जमिनीलगत. पाण्याचे कॅन आणि बॅटरी तिथेच. अगदी मागे फक्त उशा, अंथरुणं, चटया. मागच्या बम्परवर सायकलींचा स्टँड किंवा जनरेटर लावण्याची कल्पना वारंवार पुढे येते. ती आम्ही स्पष्टपणे नाकारतो, कारण मागे वजन गेलं की हुकावरचा भार कमी होतो.

छतावर कॅरिअर लावता येईल?

छत चार खांबांवर, बहुतेकदा तारेच्या दोरीने वर उचललं जातं. ती यंत्रणा छताच्या स्वतःच्या वजनासाठी असते. वर सामान ठेवून छत उचलायचा प्रयत्न केला तर तार ताणली जाते, एक कोपरा मागे राहतो, आणि हे दुरुस्त करणारा माणूस इथे शोधून सापडणं कठीण. बनवणाऱ्याने कॅरिअरची परवानगी लेखी दिली असेल तरच लावा आणि छत उचलण्याआधी सामान खाली घ्या. शिवाय छताला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे गळतीची एक जागा. आपल्याकडचा जून-जुलै ती शोधून काढतोच.

कॅम्परच्या तळाखाली, चासीत (ट्रेलरच्या खालच्या सांगाड्यात) काही करता येईल?

एक सोपं आणि स्वस्त काम आहे. ड्रेनेजचा 110 मिमी पीव्हीसी पाइप चासीच्या लांबीच्या दिशेने, रबर लावलेल्या क्लॅम्पने बसवायचा. एका टोकाला कायमचं झाकण, दुसऱ्या टोकाला आट्याची टोपी. छत्रीचे दांडे, ताडपत्रीचे खांब, मासेमारीची गळकाठी या कुठेच न मावणाऱ्या लांब वस्तू त्यात जातात. पाइप थोडा तिरका ठेवून खालच्या टोकाला बारीक भोक पाडा, पाणी साचत नाही. अ‍ॅक्सल, ब्रेकची वायर आणि जमिनीपासूनची उंची सांभाळा. सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक घासला जात असेल तर पाइप तिथे नको.

गॅस सिलिंडर बाकाखालच्या मोकळ्या झालेल्या खणात ठेवू का?

ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका बंद खणात, आणि त्यावरच माणसं झोपलेली असतात. सिलिंडर बाहेर, पुढच्या दांड्यावर उभा आणि पट्ट्याने आवळलेला असावा. पेटीतच ठेवायचा असेल तर तिच्या तळाला मोकळी भोकं हवीत आणि त्याच पेटीत बॅटरी किंवा विजेचं कुठलंही बटण नको. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिच्या खणालाही बाहेर उघडणारी जाळी लागते, पण ती वरच्या बाजूला, कारण हा वायू हलका.

पावसाळ्यात या नव्या खणांचं काय होतं?

काळजी घेतली नाही तर बुरशी. बंद खणात दमट हवा कोंडते आणि जुलैत गाद्यांच्या खालच्या बाजूला काळे ठिपके उमटतात. प्रत्येक दाराला आणि पार्टिशनला वर-खाली भोकं किंवा वेताची जाळी ठेवा, म्हणजे हवा फिरते. खणाच्या तळाला पट्ट्या मारून त्यावर सामान ठेवा. खणाच्या तळाला कार्पेट लावू नका, क्रेटखालची पट्टी तेवढी चालेल.

ओला कॅनव्हास घडी घालावा लागला तर घरी आल्यावर एक-दोन दिवसांत उघडून वाळवलाच पाहिजे. सोसायटीत जागा नसेल तर निदान छत अर्धं वर करून पंखा लावा. नाहीतर तुम्ही मेहनतीने केलेल्या खणांमध्ये पुढची दोन वर्षं कुबट वास राहील.

दोन सहलींच्या मधे सामान कॅम्परमध्येच ठेवावं का?

भांडी, खुर्च्या, हत्यारं खुशाल ठेवा. धान्य, बिस्किटं, साबण, मेणबत्त्या यांतलं काहीही ठेवू नका. तळमजल्याच्या पार्किंगमधले उंदीर आधी वासाने येतात आणि मग कॅनव्हास कुरतडून घरटं करतात. तारा, नळ्या जिथून आत शिरतात ती भोकं स्टीलच्या घासणीने ठासून वरून सीलंट लावा. अंथरुणं घरी न्या.

कॅम्पर सोसायटीत उभा करण्याची परवानगी समितीकडून लेखी घ्या. पुढची पेटी बसवल्याने लांबी वाढत नाही, पण बाहेर आलेली कुठलीही गोष्ट शेजारच्या गाडीला अडली की तक्रार येते.

हे काम कुणाकडून करून घ्यावं?

लाकूडकामाला घरचा ओळखीचा सुतार उत्तम, फक्त वजनाचा हिशोब त्याच्यासमोर बसून करा. अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या आणि अँगलसाठी वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यातले फॅब्रिकेटर बघा. त्यांना सुटं एकच काम सांगितलं तर वेळ लागतो, म्हणून पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा नमुना कापून न्या. कागदावरच्या मापांवरून होणारे घोळ पुठ्ठ्याने टळतात. कॅनव्हासचं काम मात्र ताडपत्री किंवा तंबू शिवणाऱ्यालाच द्या.

काम झाल्यावर वजन कुठे करायचं?

ट्रकसाठीच्या कुठल्याही वजनकाट्यावर. तुर्भे आणि कळंबोलीच्या बाजूला मालाची वर्दळ असल्याने काटे सहज सापडतात. फक्त मोठे काटे पाच-दहा किलोंच्या टप्प्याने मोजतात, एवढं लक्षात ठेवा. सहलीला निघताना भरतो तसा पूर्ण भरून, गाडीपासून सोडवून ट्रेलर एकट्याने काट्यावर घ्या आणि पावती जपून ठेवा.

आरटीओची परवानगी लागते का?

मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे, त्यामुळे कलम 52 त्याला लागू होतं. नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. कलम 182अ नुसार मनाई असलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आतले क्रेट, लटकते कप्पे, बोल्टने बसवलेली हलकी पार्टिशनं यांनी नोंदणीतला तपशील सहसा बदलत नाही. चासी कापणं किंवा वाढवणं, अ‍ॅक्सल बदलणं, कॅम्परच्या ढाच्याची उंची-रुंदी वाढवणं ही कामं मात्र परवानगीशिवाय सुरूच करू नका. नोंदणी एमएच-04 असेल तर ठाण्याच्या, एमएच-43 असेल तर वाशीच्या कार्यालयात आधी विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. मागचे दिवे आणि नंबरप्लेट कुठल्याही नव्या पेटीने झाकली जाता कामा नये.

पुढे कॅम्पर विकायचा झाला तर हे बदल आड येतील?

बोल्टने केलेले आणि परत काढता येणारे बदल आड येत नाहीत. काढलेलं सिंक, हीटर, जुनी दारं कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. विकत घेणाऱ्याला ती द्या, सोबत वजनकाट्याची ताजी पावती आणि कुठली फळी कुठे कापली त्याचे फोटोही द्या.